ऊटा आतेन्री?

गेल्या डिसेंबरात एका विद्यापीठाच्या चर्चासत्राचे निमंत्रण आले. हायस्कूलच्या मुख्याध्यापकाला विद्यापीठाने बोलवावे असे सहसा घडत नाही. माझा एक जुना विद्यार्थी तिथे प्राध्यापक आहे, त्याची ही कृपा. विषय होता ‘पब्लिक डिप्लोमसी आणि जागतिक संवाद : विद्यापीठांची भूमिका’. विद्यापीठाचे नाव सांगत नाही. कंग्राळीहून सकाळी निघाले की दुपारच्या जेवणाला तिथे पोहोचता येते, एवढे पुरे.

सभागृहात पहिल्या रांगेत पाच परदेशी विद्यार्थी बसवले होते. ‘बसले होते’ असे मुद्दामच म्हणत नाही. दीपप्रज्वलन झाले, परदेशातल्या कुठल्याशा संस्थेबरोबर झालेल्या कराराची फाइल चौघांनी चार कोपऱ्यांना धरून छायाचित्रकाराला दाखवली, आणि मग दोन दिवस पडद्यावर आकडे सरकत राहिले. त्या पाच जणांना कोणी एक शब्द बोलायला सांगितले नाही. जेवणाच्या वेळी त्यांतला एक आफ्रिकी मुलगा ताट घेऊन खांबाला टेकून एकटाच उभा होता. वाढणाऱ्या बाई त्याच्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, “भात घे की रे अजून, लाजतोस कशाला?” त्याला अक्षरही कळले नसावे, पण त्याने हसून ताट पुढे केले. चर्चासत्राचा जो काही विषय होता तो माझ्या मते तेवढ्यापुरताच घडला.

या ‘पब्लिक डिप्लोमसी’ला मराठीत काय म्हणावे हे मला अजून ठरवता आलेले नाही. कोणी लोकराजनय म्हणतात, मी वर्गात सांगायचे झाल्यास लोकांशी मुत्सद्देगिरी म्हणेन. राजदूताने दुसऱ्या देशाच्या सरकारशी बोलायचे ही जुनी रीत. सरकारला वळसा घालून थेट तिथल्या माणसांच्या मनात जागा करायची, ही नवी. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या फ्लेचर स्कूलचे डीन एडमंड गलियन यांनी १९६५ साली हा शब्द या अर्थाने रूढ केला, असे तिथे एका वक्त्याने सांगितले आणि ते खरेच आहे.

गोष्ट मात्र शब्दाहून जुनी. माझ्या पिढीतल्या वाचकांना ‘सोव्हिएत देश’ मासिक आठवत असेल. वाचण्यासाठी ते किती जण घेत, देव जाणे. पुस्तकांना कव्हर घालायला त्याच्यासारखा कागद नव्हता. जाड, गुळगुळीत, रंगीत. बेळगावच्या पावसात दप्तर चिंब झाले तरी आतला इतिहास कोरडा राही. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर गव्हाच्या शेतात उभी असलेली एक गुबगुबीत हसरी बाई वर्षभर होती, आणि रशिया म्हटले की आजही मला आधी ती आठवते. आता कळते, की त्या मासिकावर पैसे खर्च करणाऱ्यांना नेमके हेच हवे होते.

पण कागदापेक्षा विद्यापीठ फार जबरदस्त. मॉस्कोत १९६० साली आशिया-आफ्रिकेतल्या मुलांसाठी खास विद्यापीठ काढले गेले आणि पुढच्या वर्षी त्याला काँगोच्या पॅट्रिस लुमुंबांचे नाव दिले गेले. अमेरिकेशी आपला फुलब्राइट करार झाला २ फेब्रुवारी १९५० रोजी. त्याच वर्षी मौलाना आझादांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. बाहेरच्या मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्ती देते ती हीच. सगळ्यांचा हिशेब एकच. एखादा मुलगा चार वर्षे तुमच्या मेसमध्ये जेवला, तुमच्या ग्रंथालयात झोपला, तुमच्या मुलांशी भांडला, की तो परत जाऊन पुढची चाळीस वर्षे तुमची बाजू मांडतो. त्यासाठी त्याला कोणी पगार देत नाही.

असा एक मुलगा मी जवळून पाहिला. १९९२ ते ९४ मी पुणे विद्यापीठात मराठी घेऊन एम.ए. करत होतो. वसतिगृहात शेजारच्या खोलीत मॉरिशसचा एक जण होता, याच परिषदेच्या शिष्यवृत्तीवर आलेला. त्याचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले. १८३४ नंतर करारावर बोटी भरभरून माणसे गेली, त्यांतले. घरात आता क्रिओल बोलतात. तो मराठी शिकला मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत, जी भारत आणि मॉरिशस या दोन सरकारांनी १९७० साली मिळून उभी केली. गणेशचतुर्थीला त्यांच्याकडे सार्वजनिक सुट्टी असते हे तो मोठ्या अभिमानाने सांगे. त्याची मराठी पुस्तकी होती. “मी आत्ताच स्नान करून आलो आहे,” असे तो नळावर उभा राहून म्हणे आणि आम्ही हसून लोळायचो. एकदा तो म्हणाला, “तुम्हांला भाषा आयती मिळाली, मला ती शिष्यवृत्तीत मिळाली.” मग त्याने सहज विचारले, “तू बेळगावचा. मग तुला कन्नड येत असेल?”

मी म्हणालो, “येते. बोलत नाही.”

त्याला हे उत्तर समजले नाही. समजण्यासारखे नव्हतेच. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्धचे आंदोलन पेटले तेव्हा मी कॉलेजात होतो. त्या जूनमध्ये जे पाहिले ते विसरता येत नाही, विसरावे असेही मी म्हणत नाही. आपल्या भाषेसाठी भांडण आहे आणि ते न्यायालयात आजही चालू आहे. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तो २००४ साली. पण त्या भांडणात माझ्या हातून एक वेगळीच गोष्ट घडली. येत असलेली भाषा न बोलणे याला मी बाणा समजू लागलो. नोकरीत परिपत्रके कन्नडमध्ये येतात, ती मी घडाघडा वाचतो, उत्तरेही देतो. माझे कन्नड कागदावर जन्मले आणि कागदावरच राहिले.

आता नेहरूनगरात येतो. कंग्राळी बुद्रुकपासून ते हाकेच्या अंतरावर. १९१६ साली सात शिक्षकांनी स्थापन केलेल्या के.एल.ई. संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय तिथे १९६३ पासून आहे. मलेशियाच्या एका सरकारी विद्यापीठाशी, युनिव्हर्सिटी सायन्स मलेशियाशी, जोडलेला वैद्यकीय अभ्यासक्रम तिथे २०१० मध्ये सुरू झाला. पदवी तिकडची आणि शिक्षण बेळगावात. डोईवर रुमाल बांधलेल्या मलाय मुली, चिनी वळणाच्या चेहऱ्याची मुले, तिकडचे तमिळ, अशी सगळी मंडळी आमच्या भागात दिसू लागली. पहिली दोन वर्षे लोक थांबून बघायचे, नंतर भाजीवाल्या मावशींनी त्यांना उधार द्यायला सुरुवात केली.

२०१७ च्या पावसाळ्यात माझ्या आईला न्यूमोनिया झाला आणि आठ दिवस इस्पितळात ठेवावे लागले. दुसऱ्या दिवशी एक मलाय विद्यार्थिनी वही घेऊन खाटेपाशी आली. रोग्याची हकिगत रोग्याकडूनच काढायची, हा त्यांचा अभ्यासच. वहीत दोन रकाने, एकात मराठी, एकात कन्नड, दोन्ही इंग्रजी अक्षरांत.

“आजी, कुठे दुखते?”

“छातीत कळ येतीया बाई. चार दिस झालं.”

मुलीची गाडी ‘कळ’ या शब्दावर अडली. मी लगेच इंग्रजीत समजावू लागलो. तिने हात जोडले. “सर, तुम्ही नको. आजी सांगतील.” तीस वर्षे वर्गावर काढलेल्या माणसाला एवढ्या सभ्यपणे गप्प बसवल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही. आईने तिचा हात धरला, स्वतःच्या छातीवर ठेवला आणि खोकून दाखवले. मुलीने मान हलवली आणि वहीत ‘कळ’ लिहून घेतले.

आईचे माहेर हुक्केरीकडचे, घरात मराठी आणि वाड्यात कानडी. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली असेल नसेल. तिला ही मुलगी म्हणजे करमणूकच झाली. मुलगी रोज येई, नाडी बघून झाली की दहा मिनिटे बसे. डोके दुखते का, हे विचारताना तिने कपाळाला हात लावला, आईने ‘कपाळ’ म्हटले, आणि मुलगी एकदम उजळली. त्यांच्या भाषेत डोक्याला ‘कपाला’सारखाच शब्द आहे, उच्चार तेवढा ‘कपाला’ आणि ‘केपाला’ यांच्या मधला. संस्कृतातून हजार-दीड हजार वर्षांपूर्वी समुद्रापार गेलेले असे कितीतरी शब्द मलायमध्ये आहेत. भाषेला ते ‘बहासा’ म्हणतात, शिक्षकाला ‘गुरू’, बायकोला ‘इस्तेरी’. आईने विचारले, “आणि दाल्ल्याला काय म्हणतासा?” मुलगी म्हणाली, “सुआमी.” आई इतकी हसली की पुन्हा खोकल्याची उबळ आली. “स्वामी! आमचा स्वामी कवाच गेला गं.”

हे शब्द तिकडे कोणी नेले? व्यापाऱ्यांनी, भिक्षूंनी, पुरोहितांनी. त्यांच्यातल्या कोणी करारावर सह्या करून फोटो काढल्याचे ऐकिवात नाही. असो.

घरी सोडायच्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन पोहोचलो तर मुलगी आईशेजारी बसलेली. आईने तिला विचारले, “जेवलीस काय गं?” ती म्हणाली, आमच्याकडे कोणी भेटले की कसे आहात असे फारसे विचारत नाहीत, ‘सुदाह माकान?’ म्हणतात. म्हणजे जेवलात का?

“कानडीतबी तेच की,” आई म्हणाली. “ऊटा आतेन्री? लिहून घे.”

मुलीने लिहून घेतले. मी डबा हातात धरून तसाच उभा राहिलो, कारण ते शब्द मी नऊ वर्षे रोज सकाळी ऐकत होतो.

आमच्या शाळेच्या भिंतीला लागून एक कन्नड शाळा आहे. मधली भिंत एक आणि बोअरवेलही एकच. तिथले मुख्याध्यापक गदगकडचे, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. रोज साडेनऊला फाटकाशी गाठ पडे. ते हात वर करून म्हणत, “ऊटा आतेन्री?” मी म्हणे, “हां जी, नमस्ते.” हिंदीत! ना त्यांच्या भाषेत, ना माझ्या. पाण्याच्या वेळांबद्दल आम्ही एकमेकांना जावक क्रमांक टाकून पत्रे पाठवत होतो. संक्रांतीला ते शिपायाबरोबर एळ्ळु-बेल्ल पाठवत, मी माझ्या शिपायाबरोबर तिळगूळ पाठवी. दोन्ही राष्ट्रांचे वकील म्हणजे आमचे दोन शिपाई, आणि त्यांचे आपसांत उत्तम चालले होते. ते दोघे दुपारी एकाच झाडाखाली डबा खात.

इस्पितळातून परतल्यावर उद्यापासून आपण नीट उत्तर द्यायचे असे मी ठरवले होते. “आत्री, निमदु?” एवढेच म्हणायचे होते. झाले, तुमचे? जीभ रेटेना. तशी आणखी दोन वर्षे गेली.

ते निवृत्त झाले ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी. निरोपसमारंभाचे आमंत्रण द्यायला ते स्वतः ऑफिसात आले होते, या वेळी शिपाई नव्हता. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी एक नोव्हेंबर, त्यांचा राज्योत्सव आणि आमचा काळा दिवस. गावात आदल्या दिवसापासून हवा तापलेली असते. त्यांच्या व्यासपीठावर हार घालताना कोणी पाहिले तर आपली माणसे काय म्हणतील, हा विचार मी केला. भिंतीपलीकडून ध्वनिक्षेपकावरची भाषणे ऐकू येत होती आणि मी ऑफिसात बसून हजेरीपत्रक तपासत होतो. ते आधीच तपासलेले होते. संध्याकाळी त्यांचा शिपाई धारवाडी पेढ्यांचा पुडा घेऊन आला. पुड्यावर चिठ्ठी होती, देवनागरीत, शाळकरी मुलासारख्या सुट्या सुट्या अक्षरांत. एकच शब्द : ‘येतो.’

आपल्यात ‘जातो’ म्हणत नाहीत, हे त्यांना कोणीतरी सांगितले असावे किंवा इतक्या वर्षांत भिंतीवरून ऐकू आले असावे.

चर्चासत्राहून परतताना बसमध्ये हे सगळे पुन्हा डोक्यात घोळले. तरी पत्र लिहायला सहा महिने गेले. पत्ता त्यांच्या जुन्या शिपायाकडून मिळाला, ते आता धारवाडला असतात. कन्नडमध्ये दोन पाने लिहिली आणि आईला वाचून दाखवली. ऐंशी ओलांडलेली आई डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, “हे सरकारी वाटतंय रे. बोअर बंद पडली म्हणून लिवलायस काय?” दोन्ही पाने फाडली. मग तिने सांगितले तसे, तिच्या हुक्केरीच्या कानडीत, आठ ओळी लिहिल्या. सुरुवात कशाने करायची हे मात्र मला ठाऊक होते. निरोपाला आलो नाही हे लिहिले, का आलो नाही तेही लिहिले.

पत्र टाकून आज सोळा दिवस झाले. शिपाई टपाल आणून टेबलावर ठेवतो, तेव्हा मी आधी परिपत्रके बाजूला करतो.