थेंब कुठला?

आमच्या मिशिगनमध्ये नोव्हेंबरात रस्त्यांवर मीठ पडायला लागलं की हौसेच्या जुन्या गाड्या गॅरेजात जातात, त्या एप्रिलच्या पावसाने मीठ धुऊन नेल्यावरच बाहेर येतात. या एप्रिलमध्ये आमच्या गाडीवरचं कापड काढलं, तर खाली ताटाएवढं लाल थारोळं. फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, "डाळीचं पीठ टाक गं, तेल शोषून घेतं." इथे त्यासाठी मांजराची वाळू टाकतात. एक पिशवी संपली.

गाडी १९६६ सालची फोर्ड मस्टँग. २८९ घनइंचांचं, म्हणजे साधारण ४.७ लिटरचं व्ही-एट इंजिन आणि सी-फोर नावाचा तीन गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ती आम्हाला शेजारच्या आजोबांकडून मिळाली. मुलं त्यांना गाडीआजोबा म्हणतात. त्यांचा सगळा जन्म डिअरबॉर्नला फोर्डच्या रूज कारखान्यात गेला, आणि ही गाडी तिथेच तयार झालेली. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचा पडदा झिजला. समोर पाहिलं की मधलं सगळं पुसलेलं, कडेचं तेवढं दिसतं. लायसन्स परत केलं आणि गाडी आम्हाला अगदी कमी किमतीत दिली. अट एकच, दर रविवारी, रस्ता कोरडा असेल तर, त्यांना एक चक्कर मारून आणायची.

तेल भरून गाडी कशीबशी जवळच्या एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या माणसाने ती वर उचलली, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथे खालून बोट फिरवलं आणि ओलं बोट आम्हाला दाखवलं. गिअरबॉक्सचं पुढचं सील गेलंय, तो उतरवावा लागेल, उतरवलाच आहे तर पूर्ण खोलून नवा करून घ्या. आकडा २,८०० डॉलर.

घरी येताना नवरा म्हणाला, "विकू या गं आपण ती." त्याचं चुकत नव्हतं. घराचं छप्पर याच वर्षी करायचं होतं. शिवाय गिअरबॉक्सचं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेऊ शकतं, आणि रविवारी मागच्या सीटवर आमची दोन्ही मुलं असतात. मला वाद घालायला काही जागाच नव्हती. आजोबांना सांगायचं काम तेवढं माझ्याकडे आलं.

मी छप्पर, मुलं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "टीचर, त्याच्या बोटाला लागलेलं तेल कुठल्या रंगाचं होतं?"

मी साताऱ्याला सात वर्षं मराठी शिकवलंय. निबंधात "सुंदर फूल" लिहिणाऱ्या मुलांना मी "म्हणजे कसं?" म्हणून छळायची. आता कुणी मला छळत होतं. थारोळं कोकम सरबतासारखं होतं हे पक्कं आठवत होतं. पण ते बोट? ते काकवीसारखं होतं, दाट तपकिरी. कोकम आणि काकवी त्यांना समजावण्यात पाच मिनिटं गेली, पण मग ते खुर्चीत ताठ बसले. लाल म्हणजे गिअरबॉक्सचं तेल, तपकिरी म्हणजे इंजिनचं. "म्हणजे त्याने एका गळतीकडे बोट दाखवून दुसरीचे पैसे सांगितले," ते म्हणाले.

तो माणूस लबाड होता असं मला अजूनही वाटत नाही. साठ वर्षांची मळकट गाडी खालून बघितली की सगळंच ओलं दिसतं. गळती जिथून ठिबकते तिथे नसते, हे मला आजोबांनी शिकवलं. तेल वरून निघतं, कडेकडेने ओघळतं, गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून पडतं. म्हणून आधी धुवायचं, मग शोधायचं. आणि शोधताना सगळ्यात वरची ओली जागा बघायची.

नवऱ्याने एक महिन्याची मुदत दिली. गाडी रॅम्पवर चढवून, मागच्या चाकांना ठोकळे लावून आणि पुढून भक्कम स्टँड देऊन मी खाली शिरले. (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जायचं नाही, ही आजोबांची पहिली शपथ.) आजोबा बाहेर खुर्ची टाकून बसले. त्यांचा पहिला प्रश्न, गिअरबॉक्सच्या व्हॅक्यूम मॉड्युलेटरची रबरी नळी काढ, आत लाल आहे का? त्या डबीतला पडदा फाटला तर इंजिन ते तेल ओढून जाळतं, जमिनीवर थेंबही न पडता तेल संपतं. नळी कोरडी निघाली. मग दोन दिवस नुसतं घासणं, धुणं, वाळवणं. नंतर संशयाच्या जागांवर पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे. सगळं पांढरं झालं की इंजिन चालू करून गाडी तापू द्यायची आणि पांढऱ्यावर डाग कुठे उमटतो ते बघायचं. इतकी स्वस्त आणि इतकी हुशार युक्ती मी दुसरी पाहिली नाही.

तपकिरी रेघ इंजिनच्या वरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून आली आणि सरळ त्या जोडापर्यंत उतरली. लाल मात्र दिसेना. ते तीन दिवस गाडी उभी ठेवल्यावर दिसलं, ड्रायव्हरच्या बाजूला, गिअर बदलायची दांडी जिथे गिअरबॉक्समध्ये शिरते तिथे. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू खाली पॅनमध्ये उतरतं, पातळी वर चढते आणि एरवी कोरड्या राहणाऱ्या या सीलपर्यंत पोचते. म्हणून चालताना फारसं काही नाही आणि एप्रिलमध्ये थारोळं.

त्या दांडीचा नट आतल्या बाजूला असतो, त्यामुळे पॅन उतरवणं आलंच. आमच्या पॅनला ड्रेन प्लग नाही. एका कोपऱ्याचे बोल्ट सैल करत तेल हळूच पातेल्यात घ्यायचं असतं. मी घाई केली आणि कोकम सरबताने न्हाले. लेक इतकी हसली की तिला उचकी लागली. आजोबांनी मात्र बोटावर थोडं तेल मागितलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. जळका वास आला असता किंवा धातूचा चुरा लागला असता तर २,८०० खरेच ठरले असते, आणि मग मीही गाडी विका म्हटलं असतं. "जळलेलं नाही. पॅनच्या तळाशी काय आहे?" पीठासारखा करडा गाळ. "तो असायचाच."

जुनं सील काढलं तेव्हा ते रबर वाटेचना, नखाने टकटक वाजत होतं. नवं काही डॉलरांचं. ते तेवढ्याच मापाचा सॉकेट ठेवून हलक्या हाताने ठोकून बसवायचं. मी वाकडं बसवलं. आठवड्याने पुठ्ठ्यावर पुन्हा लाल डाग. पुन्हा पॅन, पुन्हा गॅस्केट, आणि महिन्याच्या मुदतीतले चारच दिवस उरलेले. त्या रात्री नवरा न सांगता गाडीखाली आला आणि टॉर्च धरून बसला.

वरच्या झाकणाचं कॉर्कचं गॅस्केट तर चेपून बाहेर आलं होतं. ते बोल्ट फक्त ३ ते ५ फूट-पाउंड आवळायचे असतात, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. "हे कुणी एवढं आवळलं?" मी वैतागून विचारलं.

"मी," आजोबा म्हणाले. "दरवर्षी थोडं गळायचं, दरवर्षी मी आणखी आवळायचो."

त्यांनी पत्र्याच्या वाकलेल्या कडा लाकडावर ठेवून हातोडीने स्वतः सरळ केल्या, बोटांनी चाचपत. मग मी टाइप-एफचं तेल भरलं. गाडी तापलेली, इंजिन चालू, तेव्हाच पातळी बघायची. जुनं तेल पार्ट्सच्या दुकानात परत नेऊन दिलं, ते तिथे घेतात.

आता ऑक्टोबर संपत आलाय. या रविवारी यंदाची शेवटची चक्कर झाली, मुलांनी आजोबांना झाडांचे रंग सांगितले. गाडी आत लावली, खाली नवा पुठ्ठा सरकवला. संध्याकाळी आजोबांचा फोन आला.

"किती थेंब?"

"एक."

"कुठला?"

मी चपला घालून पुन्हा गॅरेजात गेले. "काकवी," म्हटलं.

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.