चुंबळ

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र मास्तरांनी आमच्याकडून घोकून घेतले होते. त्याचा अर्थ मात्र मला शिरपूरच्या मामीने समजावून दिला. आणि तोही तोंडातून अक्षर न काढता!

शिरपूरचा मुलूख तापीकाठच्या काळ्या मातीचा. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती लोण्यासारखी होते. लोखंडी धावेची, शेणखताने भरलेली गाडी तीत अशी रुतायची की बैलांनी मान टाकावी. पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या. ओझे तेच, बैलही तेच. पण रुंद टायर जमिनीवर ऐसपैस टेकते आणि भार वाटला जातो. विळीचे नेमके उलटे. धार म्हणजे तरी काय? टेकण्याची जागा जवळजवळ नाहीशी करण्याची हिकमत! म्हणून तर हाताच्या हलक्याशा जोराने भरताचे वांगे चिरले जाते.

मामी अरुणावतीवरून पाणी आणी. जुनेर पिळून त्याची गोल चुंबळ करी आणि तीवर घागर ठेवी. आता हिशेबच करा. पंधरा किलोची घागर डोक्यावर पाच चौरस सेंटिमीटर जागेत टेकली, तर दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोंचा भार. चुंबळीने तीच जागा शंभर झाली की भार अवघा दीडशे ग्रॅम! ज्या पास्कलचे नाव 1971 साली दाबाच्या एककाला मिळाले, त्यानेही या पोतेऱ्याला नमस्कार केला असता.

मामा अकस्मात गेले तेव्हा तीन मुले आणि सोसायटीचे कर्ज मामीच्या एकटीच्या डोक्यावर आले. थोरल्या जाऊबाईंनी धाकटीला आपल्याकडे नेले. शेजाऱ्यांनी न सांगता शेत पेरून दिले. वाण्याने वर्षभर वही उघडली नाही. मामीचे दुःख गुंजभरही घटले नाही. मामी मात्र वाकली नाही.

आता घरोघरी नळ आले, चुंबळ गेली. त्याचे मला वाईट वाटत नाही. बायकांच्या माना सुटल्या. पण आमच्या चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत कुणावर प्रसंग आला की दारे हळूच लागतात, आणि मला वाटते, ओझी काही पूर्वीपेक्षा जड झालेली नाहीत. ती टेकायला जागा उरली नाही, इतकेच.