बिबवेवाडीतला आयरिस

श्रावणातली सकाळ. रात्रभर पुण्याच्या बिबवेवाडीत पाऊस होता, तरी गच्चीवरच्या ब्लॅकबेरी लिलीला आज फूल आलंय. नारिंगी, सहा पाकळ्यांचं, वर लाल ठिपके. संध्याकाळपर्यंत ते पिळलेल्या ओल्या फडक्यासारखं मिटेल आणि त्याच दांड्यावर पुढची कळी उमलेल. फूल एका दिवसाचं, पण बहर बरेच दिवस पुरतो. म्हणून मला ही इतकी आवडते.

ही आयरिसच, पण चित्रांतला निळा-जांभळा, दाढीवाला आयरिस पुण्यात लावायचा हट्ट नकोच. त्याला लांबलेली कडक थंडी लागते. आपला डिसेंबर त्याला पुरत नाही. काश्मीरमध्ये तो कबरस्तानांतही फुलतो. त्याच्याच कुळातलं केशरही तिथलंच.

ब्लॅकबेरी लिली मात्र नावापुरती लिली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये तिला चक्क ऑर्किडांच्या एका वंशात घातलं होतं. २००५ मध्ये जनुकीय पुराव्यांवरून ती आयरिस वंशात आली आणि आयरिस डोमेस्टिका झाली. पंख्यासारखी पानं पाहिली की ते पटतं.

तिला मरण येतं ते साचलेल्या पाण्यानं. नुसती काळी माती ओल धरते, कंद कुजतो. लाल माती, भरड वाळू, थोडं जुनं शेणखत आणि भरपूर ऊन द्यावं. कंद आडवा, जेमतेम मातीखाली. फुलं संपली तरी दांडे कापायची घाई नको: बोंडं उकलली की आत काळ्या, चकचकीत बियांचा घोस दिसतो. हिवाळा सरताना कंद विभागून शेजाऱ्यांनाही द्यावेत. पावसाळ्यात कुंडीखाली ताटली मात्र ठेवू नका.