गोवर गेला, पण विषाणू गेला का?

"गोवर काय, सगळ्यांनाच निघतो. एकदा नीट बाहेर पडला की मूल मोकळं." पाचोऱ्यात हे वाक्य मी अनेक वर्षं ऐकत आलो आहे. अंथरुणाला कडुलिंबाचा पाला लावायचा, औषध-इंजेक्शन टाळायचं आणि आठवडाभर वाट पाहायची. पुष्कळ मुलं खरंच बरी होतात, म्हणून ही समजूत टिकून आहे. पण क्वचित एखाद्या मुलात गोवराचा विषाणू शरीरातून जातच नाही. तो मेंदूत दडून राहतो.

त्यातून होणाऱ्या आजाराचं नाव सबअ‍ॅक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस. आम्ही डॉक्टर त्याला एसएसपीई म्हणतो. १९३३ साली डॉ. डॉसन यांनी त्याचं वर्णन केलं.

हे घडतं कसं? गोवराच्या वेळी काही विषाणू मेंदूच्या पेशींत शिरतात. तिथे त्यांच्यात बदल होत जातात. पेशीबाहेर पडण्यासाठी लागणारं त्यांचं प्रथिन बिघडतं. मग ते बाहेर न येता एका पेशीतून शेजारच्या पेशीत सरकत राहतात. रक्तात प्रतिपिंडं भरपूर असतात, पण पेशीच्या आत बसलेल्या विषाणूपर्यंत ती पोहोचत नाहीत. मूल मात्र वरून अगदी ठणठणीत दिसतं. शाळेत जातं, खेळतं.

साधारण सहा ते दहा वर्षांनी लक्षणं सुरू होतात. हुशार मूल अभ्यासात मागे पडतं, विसरतं, चिडचिड करतं. घरच्यांना वाटतं, मुद्दाम करतोय. मग अंगाला आचके येऊ लागतात. मान एकदम झुकते, हातातला पेला पडतो, चालता चालता मूल कोसळतं. हे आचके बऱ्याचदा ठरावीक सेकंदांनी पुन्हा पुन्हा येतात. अशा वेळी उतारे आणि अंगारे यांत दिवस घालवू नका. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा आणि लहानपणी गोवर झाला असेल तर ते आवर्जून सांगा. ईईजी आणि पाठीच्या मणक्यातल्या पाण्याची तपासणी यांवरून निदान होतं. काही औषधांनी आजाराचा वेग थोडा कमी होऊ शकतो, पण तो पूर्ण बरा करणारं औषध आजही नाही. बहुतेक मुलं निदानानंतर काही वर्षांत दगावतात.

गोवर झालेल्या प्रत्येक मुलाच्या आईबापांनी घाबरून जाऊ नये. बहुसंख्य मुलांना हा आजार होत नाही. पण गोवर जितक्या लहान वयात होतो, तितका धोका जास्त. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात झालेल्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्या सुमारे १,३६७ मुलांमागे एकाला एसएसपीई झाल्याचं दिसलं. एक वर्षाच्या आतल्या बाळांमध्ये हेच प्रमाण सुमारे ६०९ मध्ये एक होतं.

आता आपल्याकडे बघा. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या भागात गोवराची साथ आली. भिवंडीत आणि आपल्या शेजारच्या मालेगावातही रुग्ण सापडले. त्या साथीत गोवर झालेली तान्ही बाळं २०२८ ते २०३२ या काळात सहा ते दहा वर्षांची होतील. साथ बातम्यांतून गेली, तरी तिचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.

गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. म्हणजे सर्वांत जास्त धोका असलेलं सहा-सात महिन्यांचं बाळ एरवी लशीविनाच असतं. त्याला वाचवतं कोण? तर त्याच्या आसपासची लस घेतलेली मुलं. गोवराचा एक रुग्ण, लस न घेतलेल्या वस्तीत, बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. थोरल्याचा डोस चुकला, तर त्याची किंमत पाळण्यातलं धाकटं मोजू शकतं.

लशीमुळेच हा आजार होतो का, असं काहीजण विचारतात. नाही. रुग्णांच्या मेंदूत सापडतो तो साथीतल्या गोवराचा विषाणू, लशीतला नव्हे. जिथे लसीकरण वाढलं, तिथे एसएसपीई कमी झाला.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेल्यामुळे डोस राहिला असेल, तरी पाच वर्षांपर्यंत तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. लसीकरणाचं कार्ड आज काढून बघा. दोन्ही डोसांपुढे तारीख नसेल, तर आशाताईंना विचारा आणि येत्या लसीकरणाच्या दिवशी मुलाला घेऊन जा.