गाण्यावर सही कुणाची?

शाळेत रांगेत उभं करून पोरांकडून 'हम होंगे कामयाब' म्हणवून घेतात ना, ते मूळचं संपातलं गाणं. 'वुई शॅल ओव्हरकम'. १९४५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत चार्ल्स्टनच्या सिगार कारखान्यात संप झाला. संपावर बहुतेक काळ्या बाया. अख्खा हिवाळा फाटकावर काढला त्यांनी. दिवस मावळला की ल्युसिल सिमन्स नावाची कामगार बाई चर्चमधलं जुनं भजन सावकाश, लांबवत म्हणायची. भजनात होतं 'मी'. बायांनी केलं 'आम्ही'. साच्यापुढं पाळी भरणाऱ्याला या एका शब्दाचं वजन सांगावं लागत नाही.

तिथून झिल्फिया हॉर्टननं ते हायलँडर शाळेत नेलं, पीट सीगरनं गावोगाव गायलं, १९६० नंतर काळी पोरंपोरी तुरुंगात म्हणू लागली. त्याच १९६० साली गाण्याची मालकी नोंदली, १९६३ ला पुन्हा. नावं चार. चारही गोरी. ल्युसिल कुठंच नाही.

पैसा त्यांनी खाल्ला नाही, काळ्यांच्या चळवळीला दिला. माणसं भली होती, कबूल. पण भल्या माणसानं केली तरी सही ती सहीच. २०१८ साली कोर्टकज्जा होऊन गाणं मालकीतून सुटलं.