उचकी

उचकी लागली की कोणीतरी आपली आठवण काढते आहे, ही समजूत मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाण्याचा घोट घेण्याआधी माणसे एकेक नाव उच्चारून पाहतात. ज्या नावाशी उचकी थांबेल, त्याने आठवण काढलेली असते. शरीरशास्त्र याला श्वासपटलाचे आकुंचन म्हणते, आणि ते खरेही आहे. परंतु या भाबड्या समजुतीत एक दिलासा दडलेला असतो: दूर कुठेतरी, कोणाच्या तरी मनात आपल्याला जागा आहे. हा दिलासा किती मोलाचा, हे परगावी एकट्याने राहणाऱ्यालाच कळते.

बेंगळुरूच्या दक्षिणेस, होसूरच्या रस्त्यावर, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या ३३२ एकर जमिनीवर १९७८ साली केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या संस्थेने इलेक्ट्रॉनिक सिटीची पायाभरणी केली. मागाहून संगणकाच्या कंपन्या आल्या, २०१० मध्ये उंचावरून धावणारा रस्ता आला, ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रो आली. येथे राहणारे बहुतेक जण कुठून ना कुठून आलेले. गळ्यातील ओळखपत्रावर प्रत्येकाचे नाव असते, छायाचित्र असते. पण लहानपणी घरात त्याला कोणत्या नावाने हाक मारीत, हे शेजारच्या खुर्चीवरच्यालाही ठाऊक नसते. सोबत असते, परंतु आठवणींना साक्षीदार नसतो.

उद्यान एक्स्प्रेसने सोलापूरहून आलेला एक तरुण या वस्तीत खोली घेऊन राहिला. रात्री आईचा फोन येई. जेवलास का, या प्रश्नाला तो होकार देई; गुडघे कसे आहेत, या प्रश्नाला ती बरे म्हणे. दोघेही एकमेकांना जपत, आणि त्या जपण्यातच बोलणे संपून जाई.

गल्लीच्या तोंडाशी एक लहानशी खानावळ होती. ती चालविणाऱ्या बाईंना सगळे ‘अक्का’ म्हणत. एका संध्याकाळी त्याचे ताट मांडताना त्या सहज म्हणाल्या, ‘तुप्प?’ आणि वाटी पुढे केली. तुप्प म्हणजे तूप, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. हा शब्द त्याने सोलापूरच्या स्वयंपाकघरात ऐकला होता, आजीच्या तोंडून. आजी इंडीची, विजापूर जिल्ह्यातली. लग्न होऊन मराठी घरात आली होती. मुलाबाळांशी ती मराठीच बोले. कन्नड बोले ती तुळशीशी, भाजीवालीशी आणि दुपारी निवडायला घेतलेल्या तांदळाशी. नातवंडांना त्याची गंमत वाटे.

आता, तिच्याच भाषेच्या मुलखात परका होऊन राहताना, त्याला त्या दुपारी निराळ्या दिसू लागल्या. मराठी आणि कन्नड यांचे शेजार जुने आहे. आजीला कन्नडमध्ये अज्जी म्हणतात. आपली ताई तिकडे ‘तायि’, म्हणजे आई होते. पाडव्याच्याच दिवशी तेथे युगादी असते. सीमेवरच्या घरांत दोन्ही भाषा एका उंबऱ्यात नांदतात. तरीही साऱ्या घरात एकटीनेच एक भाषा जपायची, म्हणजे भरल्या गोकुळात मुके राहण्यासारखेच. सोलापूर-इंडी हे अंतर काही तासांचे. पण तिला माहेरी जाणे वर्षावर्षात घडत नसे.

त्या रात्री फोनवर त्याने प्रकृतीच्या चौकशीऐवजी आजीचा विषय काढला. आई बराच वेळ बोलत राहिली. आजीला उचकी लागली की ती एकच नाव घेई, ‘अक्का’. आणि हसून म्हणे, थांबली बघ. ही अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. आईच्या लग्नाआधीच ती वारली होती. आजी मात्र अखेरपर्यंत तेच नाव घेत राहिली.

‘त्यांचं नाव काय होतं?’ त्याने विचारले.

आई थांबली. घरात कोणी ते कधी विचारलेच नव्हते. आता सांगणारेही कोणी उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी खानावळीत गर्दी ओसरेपर्यंत तो बसून राहिला. मग मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये त्याने त्या बाईंना त्यांचे नाव विचारले.