भाऊसिंगजी रोडवरचा चहा

वडनेर भोलजीच्या आमच्या वाड्यांत ओसरीबाहेरच्या भिंतीस एक कोनाडा आहे. त्यांत पूर्वीं एक कान तुटलेला कप उपडा घातलेला असे. शेतावरचा सालदार आला म्हणजे तो कप स्वतः खालीं घेई, घरांतलें कोणीतरी वरून चहा ओती, आणि चहा झाला कीं तो कप विसळून पुन्हां जागच्या जागीं उपडा पडे. हें असें कां, असें आम्हीं लहानपणीं कोणास विचारल्याचें स्मरत नाहीं. घरांत देव्हारा असतो तसा तो कोनाडा होता. कोल्हापूरच्या प्रवासाची हकीगत सांगतांना आरंभ या कपापासून कां, हें वाचकांस पुढें कळेल.

नांदुरा आणि मलकापूर यांच्या दरम्यान, मुंबई-कलकत्ता महामार्गावर आमचें गांव. आगगाडी मलकापुरास धरावयाची. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस हजारांहून अधिक किलोमीटर धांवते, आणि राज्याची सीमा न ओलांडतां कोल्हापुरास पोंचते. वऱ्हाडांतल्या माणसास अंबाबाईचें दर्शन घडावें एवढ्याचसाठीं ती काढली आहे, असें आमच्या आत्याबाईंचें मत आहे. आत्याबाई ८३ वर्षांच्या. नवस त्यांचा होता, तिकिटें आमचीं होतीं.

रात्र गाडींत काढून दुसऱ्या दिवशीं कोल्हापुरास उतरलों. अंबाबाईच्या देवळाविषयीं पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे, त्यांत आम्ही भर घालीत नाहीं. दर्शन उत्तम झालें. तिसऱ्या प्रहरीं ऊन उतरल्यावर भवानी मंडपांतून बाहेर पडून आम्ही जुन्या शहरांत पायीं हिंडावयास निघालों.

जवळच चपलांच्या दुकानांची ओळ आहे. ‘चप्पल लाईन’ म्हणूनच ती ओळखली जाते. कातडें कमावणारे ढोर आणि चपला बांधणारे चांभार यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनीं कोल्हापूरचें नांव पृथ्वीभर नेलें. २०१९ मध्यें या चपलेस भौगोलिक मानांकन मिळालें, तें महाराष्ट्राचे चार व कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांस मिळून. २०२५ च्या जून महिन्यांत इटलींतील एका बड्या पेढीनें मिलान येथें तशाच चपला आपल्या म्हणून मिरविल्या, तेव्हां केवढा गहजब झाला हें वाचकांस आठवत असेल. आम्हीं एका दुकानीं सहज विचारलें, “हा जोड कोणीं बांधला?” दुकानदारानें एका खेड्याचें नांव सांगितलें, माणसाचें सांगितलें नाहीं. बांधणारा हात आणि गल्ल्यावरचा हात एकच असेल, तर ती गोष्ट निराळी. तशीं दुकानेंही तेथें आहेत. आम्हीं जोड घेतला तो अशाच एका ठिकाणीं. तेथें म्हातारबोवा स्वतः पट्टा वळीत बसले होते, आणि भाव कमी करण्याचें नांव काढतांच त्यांनीं आमच्याकडे पाठ फिरविली. आम्हांस तें आवडलें.

तेथून भाऊसिंगजी रोडला लागलों. आज त्या रस्त्यावर वाहनांची एवढी दाटी कीं आत्याबाईंचा हात सोडण्याची सोय नाहीं. परंतु याच रस्त्यावर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं एक चहाचें दुकान निघालें होतें, तें पाहावयाची आमची फार दिवसांची इच्छा. दुकान आतां नाहीं. त्याची जागा नेमकी दाखवील असा मनुष्यही आम्हांस भेटला नाहीं. तेव्हां एका बंद दुकानाच्या पायरीवर आत्याबाईंस बसवून आम्हीं त्यांस ती हकीगत सांगितली.

गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेंत नोकरीस होते. जातीनें महार. पाण्याच्या हौदास हात लावल्यावरून सवर्ण नोकरांनीं त्यांस बेदम मारलें. महाराज त्या वेळीं गांवीं नव्हते. परत आल्यावर त्यांनीं मारणारांचा समाचार घेतला, आणि गंगारामांस, नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढ, असें सांगितलें. त्यांतून निघालें तें ‘सत्यसुधारक’ हॉटेल. स्वच्छता उत्तम, चहा उत्तम, आणि गिऱ्हाईक एकही नाहीं! महाराच्या हातचा चहा प्यावयास कोण येणार? ही वार्ता महाराजांच्या कानीं गेली. मग महाराजांची गाडी फिरावयास निघे ती नेमकी या दुकानापुढें उभी राही. महाराज मोठ्यानें हांक मारून चहा मागवीत, आणि गाडींत शेजारीं बसलेल्या थोर थोर मंडळींसही तो घ्यावा लागे. अर्जदार सहीसाठीं आला तर, आधीं गंगारामाकडचा चहा घेऊन ये, असें त्यास सांगत. पुढें सोडा करण्याचें यंत्रही महाराजांनीं गंगारामांस घेऊन दिलें, असें सांगतात.

आमच्या वाचकांपैकीं बऱ्याच घरांत शाहू महाराजांचें नांव निघालें कीं पहिल्यानें वेदोक्ताचा वाद आठवतो. आमच्याही घरीं तोच आठवत असे, आणि त्यापुढें कोणी जात नसे. १९०२ मध्यें नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवणारा राजा चहाच्या एका कपासाठीं रोज गाडी थांबवितो, ही गोष्ट आम्हांस वयाच्या चाळिशींत कळली, तीही घरच्या कोणाकडून नव्हे. महाराज ६ मे १९२२ रोजीं मुंबईंत वारले. त्यानंतर कांहीं वर्षांनीं कोल्हापूरच्या नर्सरी बागेंत त्यांचें स्मारक झालें, त्यांत पुढाकार याच गंगारामांचा होता.

अमेरिकेंतही अशा कपांचा इतिहास आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील व्हिक्टर ग्रीन या टपालखात्यांतील नोकरानें १९३६ पासून एक पुस्तिका काढली. कृष्णवर्णी प्रवाशास कोणत्या गांवीं जेवण मिळेल, कोठें बिछाना मिळेल, कोणाच्या दुकानीं अपमान होणार नाहीं, याची ती यादी. तीस वर्षें ती निघत होती. आमच्याकडे अशी यादी कोणास छापावी लागली नाहीं. ती ज्याची त्यास तोंडपाठ होती.

आत्याबाईंनीं सगळें ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, “महाराज शेजारीं बसले म्हणून लोक प्याले. महाराज नसत त्या दिवशीं कोण पीत असेल?”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तेथून दसरा चौकांत गेलों. महाराजांच्या पुतळ्याभोंवतीं निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें कशीं उभीं राहिलीं, तें आम्ही सांगूं लागलों, पण त्यांचें लक्ष नव्हतें. बिऱ्हाडीं परततांना त्या एकदम म्हणाल्या, “येतांना पुण्यास उतरूं.”

परतीचें तिकीट थेट मलकापूरचें होतें. परंतु पुण्यास उतरणें म्हणजे काय, हें आम्हां दोघांसही ठाऊक होतें. आमच्या धाकट्या बंधूंचा चिरंजीव कसबा पेठेंत, तांबट आळीच्या अलीकडे, एका जुन्या वाड्याच्या पुढल्या खोल्यांत चहा-फराळाचें दुकान चालवितो. एकटा नव्हे. ज्याच्याबरोबर जन्म काढावयाचा त्यानें ठरविलें आहे, तो त्याचा मित्र दुकानांत बरोबरीचा भागीदार आहे. मित्र रावेरकडचा, बौद्ध घरांतला. चार वर्षांपूर्वीं ही गोष्ट वडनेरास कळली तेव्हां, दोहोंपैकीं कोणती हरकत अधिक मोठी, हें ठरविण्याचें धैर्य आमच्या घरांत कोणास झालें नाहीं. बंधूंनीं बोलणें टाकलें, आणि बाकीच्यांनीं विषय टाकला. आम्हीही त्या बाकीच्यांतच होतों.

१८६० च्या दंडसंहितेंतील ३७७ वें कलम सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतें मोडीत काढलें. अशा दोघांच्या विवाहास मान्यता देण्याचें मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानें नाकारलें. पुण्यांत बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट २००२ पासून या लोकांसाठीं काम करीत आला, आणि २०११ मध्यें शहरांत त्यांची पहिली अभिमान पदयात्रा निघाली. हें सर्व आम्हीं वर्तमानपत्रांतून वाचलें होतें. वर्तमानपत्र घडी घालून ठेवतां येतें.

दुकान लहान, पण नीटनेटकें. चार बांकें, तांब्याचीं भांडीं, भिंतीवर पदार्थांचे दर. कोपऱ्यांत महाविद्यालयांतील मुलें अभ्यास करीत बसलीं होतीं. दुसऱ्या बांकावर दोन तृतीयपंथी चहा घेत गप्पा मारीत होत्या, आणि त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नव्हतें. आंत थालीपिठें लावणाऱ्या बाईही त्यांच्यांतल्याच. आधीं कित्येक ठिकाणीं कामास नकार मिळाल्यावर त्या येथें आल्या, असें मागाहून कळलें. पुतण्यानें आत्याबाईंस पाहिलें तेव्हां त्याच्या हातांतलें फडकें गळून पडलें. वांकून नमस्कार केला, पण तोंडांतून शब्द निघेना.

चहा मित्रानें आणला. आत्याबाईंनीं त्यास समोर बसविलें.

“तुझे आजोबा काय करीत?”

“सालदार होते, आजी.”

आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. बशींत चहा ओतून त्यांनीं तो सावकाश घेतला. आलें जास्त झालें आहे, असें सांगितलें. तें खरोखरच झालें होतें. मग उठून विचारलें, “मोरी कोठें?” पुतण्यास वाटलें, हात धुवावयाचे असतील. त्या कपबशी घेऊन गेल्या आणि नळाखालीं स्वतः विसळूं लागल्या. “आजी, राहूं द्या, राहूं द्या,” म्हणत मित्र मागें धांवला. त्यांनीं त्यास कोपरानें बाजूस सारलें, आणि कप विसळून फळीवर इतर कपांच्या ओळींत ठेवला.

वडनेरास परतल्यावर पंधरा दिवस या गोष्टीचा उच्चार झाला नाहीं. अक्षय्य तृतीया जवळ आली तेव्हां आत्याबाईंनीं आम्हांस कागद घेऊन बसावयास सांगितलें. फोन करूं म्हटलें, तें त्यांस पसंत पडलें नाहीं. बोलावणें पत्रानेंच जावयाचें. त्या सांगूं लागल्या, “चिरंजीवास अनेक आशीर्वाद. सणास तुम्ही उभयतांनीं चार दिवस आधीं निघून यावें.”

आमची लेखणी थांबली. ‘उभयतां’ कोणास लिहितात, हें वाचकांस सांगावयास नको.

“दुसरा शब्द तुला सुचत असेल तर लिही,” आत्याबाई म्हणाल्या.

आम्हीं थोडा वेळ विचार केला, आणि उभयतां असेंच लिहिलें. लिफाफ्यावर पत्ता घालावयाचा तर कसबा पेठेचा पिनकोड आम्हांस येईना. बंधु दाराशीं उभे होते. त्यांनीं तो न अडखळतां सांगितला.